आजीची एस्टी आणि ३० जानेवारी १९४८

माझ्या पीएचडीचा विषय भूजल आहे, गांधीजी नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना गोंधळ नको. एमएस्सी भूशास्त्रात झालं आणि आता सातारा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींचा अभ्यास चाललाय. विहीर कधी खणली, किती परसाला पाणी लागलं, उन्हाळ्यात कधीपर्यंत टिकायचं, हे सगळं कागदावर मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. आणि म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. ती सांगतात, "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी", "कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात", नाहीतर "गांधीबाबा गेलं त्या साली".

हे तिसरं उत्तर माझ्या स्वतःच्या आजीचं. माहेरच्या मळ्यातली विहीर कधीची, एवढंच विचारलं होतं. गाव कृष्णाकाठचं; नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. आजी तेव्हा दहाएक वर्षांची होती. फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. ती म्हणाली, "गांधीबाबा गेलं त्या उन्हाळ्यात खणली. मला चांगलं ध्यानात हाय. शाळा भरलेली. एस्टी आली, डायवर खाली उतरला आन् गुरुजींच्या कानात काय तरी बोलला. गुरुजी जे खुर्चीत बसलं, ते उठलंच न्हाईत. मग शाळा सोडली. दुपार बी झाली नव्हती."

मी काय केलं असेल? सायन्सवाल्यांना झालेलं असतं तेच मला झालं. फोनवर तारखा बघितल्या. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी, म्हणजे शाळा भरलेली असणं शक्य नाही. आणि आपल्या राज्यातली पहिली एस्टी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली १ जून १९४८ला. जानेवारीत एस्टी नव्हतीच. मी आजीला मध्येच थांबवून हे सांगितलं. अगदी पुराव्यासकट. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग तूच सांग बाई." आणि गप्प बसली.

तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहितायत आणि पद्धतीच्या रकान्यात 'मुलाखती' असं एका शब्दात टाकून मोकळे होतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कारण त्या दिवशी मी जी चूक केली, ती चूक करणारी माणसं माझ्याआधीही होऊन गेली आहेत, आणि त्यावर बरंच संशोधनही झालंय.

आधी मूळ घटना बघू. ३० जानेवारी १९४८, शुक्रवार, दिल्लीतलं बिर्ला हाऊस. प्रार्थनेची वेळ पाचची. सरदार पटेलांशी बोलणं लांबल्यामुळे गांधीजींना उशीर झाला. मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते हिरवळीवरून निघाले. नथुराम गोडसे पुढे आला आणि त्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. इथे प्रत्यक्ष बघणारी माणसं होती, थोडीथोडकी नाही, काहीशे. त्यांत पत्रकार होते, परदेशी पाहुणे होते, रोज येणारे भाविक होते. तुम्हाला वाटेल, इतके साक्षीदार असताना वाद कशाला राहील?

तर राहिलाय. गोळ्या किती? न्यायालयाने तीन मानल्या. पण तिथे हजर असलेले अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीअन यांनी नंतर आपल्या पुस्तकात चार आवाज ऐकल्याचं लिहिलं. 'चौथी गोळी' हा विषय तर २०१७ साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ला ती याचिका फेटाळली गेली. मारेकऱ्याला पहिल्यांदा कुणी पकडलं? आपल्याकडच्या नोंदींत बिर्ला हाऊसमधले माळी रघु नायक यांचं नाव येतं, त्यांना सरकारने बक्षीसही दिलं. अमेरिकन वर्तमानपत्रांत मात्र त्यांच्या वकिलातीतला तरुण अधिकारी हर्बर्ट रायनर याचं नाव झळकलं. कुणीतरी खोटं बोलतंय असं मानायची गरज नाही. त्या झटापटीत एकाच वेळी चार हात पुढे आले असतील, आणि प्रत्येकाला आपल्याजवळचा हात दिसला असेल.

शेवटच्या शब्दांचं तर आणखी अवघड. मनूबेननी 'हे राम' ऐकलं. प्यारेलाल यांनी 'राम राम' लिहिलं, पण ते स्वतः त्या क्षणी तिथे नव्हते. गांधीजींचे सचिव व्ही. कल्याणम मागून काही पावलांवर चालत होते. गांधीजी 'हे राम' म्हणालेच नाहीत असं कल्याणम सांगतात, अशी बातमी अनेक वर्षं फिरत राहिली. २०१८ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांनी खुलासा केला की ते म्हणाले नाहीत असं मी म्हटलंच नव्हतं; मी ऐकलं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा. 'म्हणाले नाहीत' आणि 'मी ऐकलं नाही' यात साक्षीचं सगळं शास्त्र आलं. साक्षीदार दुसरं वाक्य बोलतो, आपण वहीत पहिलं लिहितो. माझ्या विहिरींच्या नोंदीतसुद्धा मी हे करून ठेवलेलं आहे: 'विहीर आटली नाही' असं लिहिलंय, आणि आजोबा म्हणाले होते, "मी आटलेली बघितली न्हाई." हे आजोबा दर उन्हाळ्यात ऊसतोडीला बाहेर असायचे!

आता बिर्ला हाऊसपासून दूर, ज्यांनी काही बघितलं नाही पण बातमी ऐकली, त्यांच्याकडे येऊ. म्हणजे माझ्या आजीकडे. मोठ्या दुःखाची बातमी कळली तेव्हा 'तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं', हा प्रश्न संशोधनात फार जुना आहे. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अब्राहम लिंकन यांच्या खुनाबद्दल १७९ लोकांना हाच प्रश्न विचारला. खुनाला तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षं झाली होती. १२७ जणांनी स्थळ, वेळ, सांगणारं माणूस असं सगळं तपशिलाने सांगितलं. १८९९ साली हे प्रसिद्ध झालं. आठवणी इतक्या ठसठशीत होत्या की त्या बरोबर आहेत का, हे तपासायचं कुणाला सुचलं नाही.

१९७७ साली ब्राऊन आणि कुलिक यांनी अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब मेमरी' हे नाव दिलं. फोटो काढताना फ्लॅश पडतो तशी ही आठवण क्षणात कायमची उमटते, असा त्यांचा अंदाज होता. तो पुढे बराचसा मोडीत निघाला, पण त्यांच्या पाहणीतली एक गोष्ट मला अजून महत्त्वाची वाटते. त्यांनी ४० गोऱ्या आणि ४० काळ्या अमेरिकनांना विचारलं होतं. केनेडींच्या खुनाची आठवण जवळपास सगळ्यांना होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची अशी आठवण ४० पैकी ३० काळ्या माणसांना होती, आणि गोऱ्यांपैकी फक्त १३ जणांना. देश एक, वर्तमानपत्रं तीच. 'राष्ट्रीय शोकांतिका' म्हणताना राष्ट्रातल्या कुणाची, हा प्रश्न त्या आकड्यांत दडलेला आहे. आपल्या प्रश्नावलीत नमुना निवडताना तो विसरायचा नाही.

फ्लॅशची कल्पना मोडली ती चॅलेंजरमुळे. २८ जानेवारी १९८६ला ते अंतराळयान उड्डाणानंतर फुटलं आणि सातही जण गेले. उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी सकाळी वर्गातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून कागदावर लिहून घेतलं: बातमी कशी कळली, कुठे होतात, बरोबर कोण होतं. अडीच वर्षांनी त्यांतले ४४ जण सापडले, त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. ७ गुणांची पट्टी लावली. पैकीच्या पैकी मिळाले तिघांना. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांना शून्य! आणि तरी खात्री विचारली तर बहुतेकांची खात्री दांडगी. गंमत पुढेच आहे. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी आठवण परत आली नाही. काहींनी तर आत्ता आठवतंय तेच खरं, असा हट्ट धरला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तालारिको आणि रुबिन यांनी दुसऱ्या दिवशीपासून अशीच तुलना केली, तेव्हा दिसलं की हल्ल्याची आठवण रोजच्या साध्या आठवणीइतकीच झिजते. झिजत नाही तो फक्त आपला विश्वास.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग आजीला थांबवलंस ते बरोबरच होतं की! मलाही महिनाभर तसंच वाटत होतं. मग नाइसर यांचीच एक गोष्ट हाती लागली.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या दिवशी, ७ डिसेंबर १९४१ला, नाइसर बारा वर्षांचे होते. आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो आणि बातमी सांगायला सामना मध्येच थांबवला, असं त्यांना आयुष्यभर आठवत होतं. मोठेपणी, स्मृतीचा अभ्यास करताना, त्यांना एक दिवस सुचलं की डिसेंबरात बेसबॉल कुठे असतो? १९८२ साली त्यांनी आपली ही फजिती स्वतःच लिहून टाकली. आठवण कशी बनावट असते याचा नमुना म्हणून. पण १९८६ साली थॉम्पसन आणि कोवन या दोघांनी दाखवून दिलं की त्या दुपारी रेडिओवर खरंच एक सामना चालू होता. फुटबॉलचा. संघ होते न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स, आणि ही दोन्ही नावं त्या काळी बेसबॉलच्या संघांचीही होती. मैदानही बेसबॉलचंच. म्हणजे मुलगा रेडिओपुढे होता, सामना चालू होता, नावं बरोबर होती. एक शब्द बदलला होता.

हे वाचलं आणि मला आजीची एस्टी आठवली.

एस्टी नव्हती, मग तेव्हा रस्त्यावर काय होतं? खासगी मोटारी होत्या. लोक त्यांना 'सर्व्हिस मोटार' म्हणायचे. पुढे एस्टी आली, सर्व्हिस मोटारी गेल्या, आणि जिथून माणसं उतरतात त्या प्रत्येक गाडीचं नाव एस्टी झालं. आजीने सत्तर वर्षं ज्या शब्दाने गाडीला हाक मारली, तोच शब्द जुन्या मोटारीला लावला. आणि वेळेचं काय? मी धरून चालले होते की ती ३० तारखेबद्दल बोलतेय. ती तारीख माझी होती, तिने तारीख सांगितलीच नव्हती. ३० तारखेला शुक्रवार. ३१ला शनिवार, आणि शनिवारची शाळा सकाळची. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या वाट्याला आकाशवाणीची सहाच केंद्रं आली होती, त्यांत महाराष्ट्रातलं एकटं मुंबई. देशातल्या शंभरातल्या अकरा माणसांपर्यंत जेमतेम आवाज पोचत होता. कृष्णाकाठच्या त्या गावात रेडिओ कुठला? बातमी आली ती शनिवारी सकाळी, मोटारीबरोबर आणि मोटारीतून येणाऱ्या पेपराबरोबर. दुपार व्हायच्या आत शाळा सुटली. गावाच्या लेखी गांधीबाबा त्या दिवशी गेले.

म्हणजे आजीने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. मीच तिला दिल्लीच्या घड्याळात बसवत होते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही प्रत्येक आठवणीला फुटबॉलचा सामना शोधत बसाल. १९९२च्या ऑक्टोबरात ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान राहत्या इमारतीवर कोसळलं. दहा महिन्यांनी क्रोम्बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाचं चित्रण तुम्ही टीव्हीवर बघितलंत का? १०७ जण हो म्हणाले. असं चित्रणच नव्हतं. आदळल्यानंतरची दृश्यं होती, आणि प्रश्न असा विचारला होता की चित्रण असणारच. आपल्याकडे रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटाची सुरुवातच त्या हिरवळीवर होते आणि तो कितीतरी वेळा टीव्हीवर लागलाय. नेहरूंचं त्या संध्याकाळचं भाषण दर वर्षी ऐकवलं जातं. तेव्हा "आम्ही नेहरूंचं भाषण रेडिओवर ऐकलं" असं कुणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न साधा ठेवा: रेडिओ कुणाच्या घरी होता? बसायला जागा होती की उभे होतात? खरी आठवण असेल तर घोंगडं, कंदील, शेजारची म्हातारी असं काहीतरी हाताला लागतं. नाही लागलं तरी ते खोटं ठरत नाही, पण वहीत तसं लिहायचं.

प्रश्नातला शब्दही सांभाळायचा. तुम्ही 'गांधीहत्या' म्हणता, काही घरांत 'गांधीवध' म्हणतात, आजी 'गांधीबाबा गेलं' म्हणते. यांतला कुठलाही शब्द तुमच्या तोंडून आधी गेला की समोरचा माणूस तुम्हाला कुठल्यातरी बाजूला बसवतो आणि त्या बाजूला शोभेल अशी आठवण सांगतो. मी आता फक्त "ती बातमी गावात कशी आली?" असं विचारते.

आणि आपल्या भागात ती बातमी नुसती आली नाही. तिच्यामागून दुसरी बातमी आली: मारेकरी पुण्याचा, ब्राह्मण. दिल्लीत रेडिओवरून मारेकरी हिंदू असल्याचं मुद्दाम सांगितलं गेलं होतं, मुसलमानांवर हल्ले होऊ नयेत म्हणून. इकडे मुंबई, पुणे, नागपूर, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे पेटवले गेले. माणसं मारली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासकांनी यावर लिहिलं ते १९८८ साली छापून आलं, आणि पोलिसांच्या फायली त्यांना बघायला मिळाल्या नव्हत्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' याच दिवसांवर आहे. बाकी लिखित साहित्य विषयाच्या मानाने थोडं. ज्यांची घरं जळाली त्यांच्याकडे आठवणी आहेत, 'अठ्ठेचाळीसचं जळीत' या नावाने त्या सांगितल्याही जातात. पण जाळायला जी माणसं गेली, आणि जी नुसती बघत उभी राहिली, त्यांची नातवंडं आज कुठे आहेत? ती मीच आहे, आणि कदाचित तुम्हीही. आमच्यासारख्या घरांत त्या दिवसांबद्दल एकच वाक्य असतं. विहिरींच्या निमित्ताने मी फिरले त्या चार-पाच गावांत ते मला शब्दाला शब्द ऐकू आलं: "बाहेरगावची माणसं आली होती." हे खरंही असेल, टोळ्या गावोगाव फिरल्या असतील. पण प्रत्येक गावात बाहेरगावचीच माणसं आली असतील, तर ती निघाली कुठल्या गावातून?

इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे. तिथे १७ मार्च १९४९ला, इटलीने नाटोत जाऊ नये म्हणून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी बऱ्याच वर्षांनी तिथल्या कामगारांना विचारलं, तेव्हा कित्येकांनी सांगितलं की तो १९५३ साली मेला. कारखान्याने दोन हजारांवर लोक कामावरून काढले तेव्हा रस्त्यावर जी लढाई झाली, तिच्यात. कागद स्पष्ट होते, तारीख चुकीची होती. पोर्तेल्लींनी ती दुरुस्त करून विषय संपवला नाही. त्यांनी विचारलं, इतक्या माणसांना ती चूक का हवीय? एक साथीदार मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे पचवणं जड होतं. चार वर्षांनी गाव खरंच लढलं. त्या मृत्यूला तिथे नेऊन ठेवलं की त्याला अर्थ येत होता.

'बाहेरगावची माणसं' हे वाक्य मी आता तसं ऐकते. ते घटनेबद्दल जितकं सांगतं, त्याहून जास्त पुढच्या पंचाहत्तर वर्षांबद्दल सांगतं.

आता रेकॉर्डिंगकडे परत. मुलाखतीनंतर पाचेक आठवड्यांनी मी ते उतरवून काढायला बसले. इथे एक फुकटचा सल्ला: रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात उतरवा, मीही आता तसंच करते. अकराव्या मिनिटाला आजी म्हणते, "दुपार बी झाली नव्हती." तेव्हा मी फोनवर एस्टीची तारीख शोधत होते. मला वाटत होतं की तिचं बोलणं तिथे संपलं. पण ते संपलेलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, आणि मग हळू आवाजात, "आन् रातच्याला ती वाड्यातली तांब्याची घागर आमच्या..." आणि त्यावर माझा ठणठणीत आवाज: "आजी, थांब, थांब. एस्टी तेव्हा नव्हतीच."

ते मी हेडफोन लावून कितीदा ऐकलं, ते सांगत नाही.

दिवाळीत पुन्हा गेले. घागरीचं काढलं नाही. नाइसरांची गोष्ट सांगितली, बेसबॉल म्हणजे क्रिकेटसारखं काहीतरी असं म्हणून वेळ मारून नेली, आणि म्हटलं, "आजी, तुझी एस्टी बरोबर होती. सर्व्हिस मोटार होती ना ती?" ती एकदम हसली. "सर्विस मोटारच! मागनं कोळशाचा पिंप बसवलेली. चढाला आली की पोरं ढकलायला जायची." युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या वायूवर गाड्या चालवत, तसल्या गाडीचं हे वर्णन. हे मी तिला सुचवलेलं नव्हतं. मग गुरुजींचं सांगितलं, पेपर कुणी वाचून दाखवला ते सांगितलं, विहिरीच्या कामावर कोण होतं ते सांगितलं. शनिवार होता का, असं मी विचारलं नाही; तिनेच मारुतीला तेल घालायला आलेल्या बाया परत गेल्याचं सांगितलं.

मग बराच वेळ वाती वळत बसली. मी काही बोलले नाही. हे जमायला मला दोन वर्षं फील्डवर्क करावं लागलंय.

"त्या वाड्यातली काकू मला गूळ-शेंगदाणं द्यायची," ती म्हणाली. आणि माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "ते बंद कर आधी."

मी बंद केला. पुढची वीसेक मिनिटं माझ्या कुठल्याच फाइलमध्ये नाहीत, वहीतही नाहीत. निघताना मी तिला विचारलं, मी हे कुठे लिहिलं तर चालेल का? तिने जरा विचार केला.

"एस्टीचं लिही. गावाचं नाव नको. घागर होती एवढं लिही, पुढचं नको."